सी भरलाय, डी रिकामा पडलाय : पार्टिशनबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात हार्ड डिस्क साफ कशी करावी यावर लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत पार्टिशनचेच, म्हणजे एकाच डिस्कचे सी, डी असे जे भाग करतात त्यांचेच प्रश्न जास्त निघाले, म्हणून या वेळचा सगळा रकाना त्यालाच देतोय. सांगलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या टेबलावर रोज जे दिसतं त्याच्याच आधाराने उत्तरं देतो.

प्रश्न : सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आहे, फक्त दोन-तीन जीबी उरलेत. डी मध्ये मात्र भरपूर जागा आहे. भाच्याने सांगितलं म्हणून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डी १०० जीबीने लहान केला. काळी पट्टी आली, त्यावर ‘अनअलोकेटेड’ (कुणालाच न दिलेली जागा) असं लिहिलंय. आता सी वर राइट क्लिक केलं तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट दिसतं, दाबता येत नाही. माझं कुठे चुकलं?
— एक निवृत्त शिक्षिका, बार्शी

उत्तर : बाई, चुकलं काहीच नाही. तुम्ही स्क्रीनचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, त्यात सगळं दिसतंय. डावीकडून बघा. आधी १०० एमबीचा छोटा चौकोन, मशीन सुरू करणाऱ्या फाइल्स त्यात असतात. मग ११७ जीबीचा सी. त्याला चिकटून जेमतेम अर्ध्या जीबीचं रिकव्हरी पार्टिशन. मग डी, आणि सगळ्यात शेवटी तुम्ही मोकळी केलेली काळी पट्टी.

विंडोजला सी वाढवायला लागणारी मोकळी जागा सी च्या लगेच उजवीकडे, त्याला लागूनच हवी असते. तुमची जागा मोकळी झाली ती डी च्या शेपटाकडून, कारण ‘श्रिंक’ नेहमी शेवटाकडूनच कापतं. सी आणि ती जागा यांच्या मधे रिकव्हरी आणि डी अशी दोन पार्टिशनं आडवी आहेत. डिस्कची जागा सेक्टर नावाच्या छोट्या घरांत मोजतात, आणि पार्टिशन म्हणजे ‘या सेक्टरपासून पुढे इतके सेक्टर’ अशी सलग नोंद असते. तुकड्यातुकड्यांनी जागा जोडायची सोय साध्या डिस्कवर नाही.

आता करायचं काय? काळ्या पट्टीवर डीच परत वाढवून घ्या, कारण डी तिला लागून आहे, त्यामुळे ते चालेल. आणि हद्द हलवण्याऐवजी सामान हलवा. ‘डाउनलोड्स’ फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, तिथे ‘लोकेशन’ नावाचा टॅब आहे. त्यात डी वर बनवलेल्या नव्या फोल्डरचा पत्ता द्या आणि ‘मूव्ह’ करा. तेच पिक्चर्स आणि व्हिडिओजचं. मात्र हे फोल्डर वनड्राइव्हला (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण) जोडलेले असतील तर आधी तिथला फोल्डर बॅकअप बंद करा, नाहीतर गोंधळ होतो. फोटोत तुमचं डेस्कटॉपही दिसतंय, शाळेच्या स्नेहसंमेलनांचे व्हिडिओ तिथेच ओळीने ठेवलेले आहेत. डेस्कटॉप हा सी मधलाच एक फोल्डर आहे. पुष्कळांना वाटतं की समोर दिसतंय ते कुठेतरी वेगळं आहे. तसं नसतं. तो फोल्डरही याच पद्धतीने डी वर नेता येतो. मग स्टोरेज सेटिंगमधून तात्पुरत्या फाइल्स आणि विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर उरलेलं जुनं विंडोज काढून टाका. एवढ्याने तुमचं काम व्हावं.

सी खरोखरच वाढवायचा असेल तर डी मधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून, तपासून, मग डी डिलीट करावा लागेल. तरीही मधलं रिकव्हरी पार्टिशन आडवं येतंच. डिस्क मॅनेजमेंट त्याला हात लावू देत नाही, राइट क्लिक केलं तर फक्त ‘हेल्प’ दिसतं. ते काढायला आधी ‘रीएजंटसी’ या आज्ञेने रिकव्हरी बंद करायची, म्हणजे तिची फाइल सी वर परत येते. मग ‘डिस्कपार्ट’मधून ते पार्टिशन काढायचं, सी वाढवताना शेवटी एक जीबीभर जागा सोडायची आणि तिथे रिकव्हरी पुन्हा उभी करायची. हे जाणत्या माणसाकडून करून घ्या. रिकव्हरी काढून तशीच सोडू नका, विंडोज चालू व्हायचं बंद झालं की तिचीच गरज पडते. २०२४ च्या जानेवारीत विंडोज १० चं एक अपडेट असंख्य मशीनवर अडकलं, कारण हे पार्टिशन फार लहान होतं. ते २५० एमबीने वाढवायच्या सूचना मायक्रोसॉफ्टने दिल्या होत्या.

काही सॉफ्टवेअर डी तसाच ठेवून पुढे सरकवून देतात. त्यात डी मधली प्रत्येक फाइल उचलून नव्या जागी लिहिली जाते, तासन्‌तास. मधेच लाइट गेली तर डी अर्धा इकडे, अर्धा तिकडे. यूपीएस आणि बाहेर घेतलेली कॉपी, दोन्ही असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : लग्नपत्रिका आणि संस्थांचे अहवाल करायचं माझं डीटीपी सेंटर आहे. विंडोज नव्याने टाकताना पार्टिशनांची यादी आली, पण त्यात सी, डी लिहिलेलं नव्हतं, नुसते नंबर होते. मी सगळी पार्टिशनं डिलीट करून नेक्स्ट दाबलं. आता पूर्ण डिस्कचा एकच सी झालाय. डी मध्ये कित्येक वर्षांचं काम होतं. ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क आहे, एसएसडी नाही. काही मिळेल का?
— एक डीटीपी व्यावसायिक, लातूर

उत्तर : मिळण्याची शक्यता चांगली आहे. फक्त एक करा, हे वाचत असाल तिथेच ते मशीन बंद करा. त्यावर श्रीलिपी, कोरल असं कामाचं सॉफ्टवेअर काही टाकू नका, इंटरनेटही चालू करू नका. नव्याने लिहिलेली प्रत्येक फाइल तुमच्या जुन्या कामावर बसू शकते.

डिलीट केलं तेव्हा नेमकं काय पुसलं गेलं ते समजून घ्या, म्हणजे धीर येईल. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर अगदी पहिला सेक्टर असतो ५१२ बाइट्सचा. त्यातले पहिले ४४६ बाइट्स मशीन सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे. नंतरच्या ६४ बाइट्समध्ये पार्टिशनचा तक्ता. शेवटचे दोन बाइट्स ‘५५’ आणि ‘एए’, म्हणजे हा सेक्टर वैध असल्याची खूण. ६४ बाइट्सच्या तक्त्यात १६ बाइट्सच्या चार ओळी बसतात. एका ओळीत हे पार्टिशन बूट करायचं का, ते कोणत्या प्रकारचं, कुठून सुरू होतं आणि किती सेक्टरचं आहे, एवढीच माहिती. दुकानात मी डिस्कवरचे कच्चे बाइट्स दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये हा सेक्टर उघडून दाखवतो तेव्हा लोकांचा विश्वास बसत नाही, की आपला सगळा डी ड्राइव्ह म्हणजे तक्त्यातली ही अर्धी-पाऊण इंचाची ओळ.

तुम्ही डिलीट केली ती ही ओळ. सातबाऱ्यावरची नोंद खोडली म्हणून शेतातला ऊस नाहीसा होत नाही, तसंच हे. डी ची सुरुवात डिस्कवर बरीच पुढे, १२० जीबीच्या आसपास होती असं तुम्ही कळवलंय. नवं विंडोज बहुतेक सगळं त्याच्या अलीकडेच बसलेलं असणार. शिवाय एनटीएफएस या विंडोजच्या फाइल्स मांडायच्या पद्धतीत पार्टिशनच्या बूट सेक्टरची एक प्रत त्याच पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्येही असते. शोधणाऱ्याला तोही धागा पुरतो.

डिस्क काढून दुसऱ्या मशीनला दुय्यम डिस्क म्हणून लावा. जोडल्यावर विंडोजने ‘इनिशियलाइज’ किंवा ‘फॉरमॅट’ करू का असं विचारलं तर कॅन्सलच दाबा. मग ‘टेस्टडिस्क’ हा मोफत प्रोग्रॅम चालवा. तो सेक्टर चाळत जाऊन जुन्या पार्टिशनच्या सुरुवाती आणि शेवट शोधतो. जुना डी यादीत आला की त्यावर ‘पी’ दाबून आतले फोल्डर बघा. पत्रिकांची नावं दिसली तर तिथूनच तिसऱ्या, वेगळ्या डिस्कवर कॉपी करा. तक्ता परत लिहायचा पर्यायही तो देतो, पण आधी कॉपी, मग बाकी सगळं. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीही न करता ती डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

एसएसडी असती तर मी इतक्या भरवशाने लिहिलं नसतं. फॉरमॅट होतानाच विंडोज एसएसडीला ‘ट्रिम’ची आज्ञा देतं, म्हणजे ही जागा आता रिकामी समज. मग एसएसडी तिच्या सवडीने ती खरोखर पुसते. तिथे काही हाती लागणं फार दुर्मीळ.

आणि त्या यादीबद्दल. सी, डी ही अक्षरं डिस्कवर कोरलेली नसतात, चालू असलेलं विंडोज ती आपल्यापुरती देतं. म्हणून इन्स्टॉल करताना ती दिसत नाहीत, आणि दुरुस्तीच्या पेनड्राइव्हवरून सुरू केलं तर नेहमीचा सी तिथे डी म्हणूनही दिसू शकतो. अक्षरावर विसंबून कधीच काही पुसू नका. प्रत्येक पार्टिशनला आजच नाव द्या, ‘कामं’, ‘फोटो’, काहीही. राइट क्लिक करून ‘रीनेम’. ते नाव पार्टिशनमध्येच लिहिलं जातं आणि इन्स्टॉलरच्या यादीतही दिसतं. त्याच्या जोडीला आकार पडताळून बघा.

काम परत मिळालं की फॉन्टकडेही लक्ष द्या. फॉन्ट सी वरच्या विंडोज फोल्डरमध्ये होते, ते गेले. त्यांची मूळ प्रत नसेल तर उघडलेल्या पत्रिकेत नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतील. डीटीपीवाल्यांनी फॉन्टचा फोल्डर कामाच्या सोबतच जपून ठेवावा.

प्रश्न : आमच्या सोसायटीचे हिशेब सी वर आहेत आणि दर रविवारी त्याची कॉपी डी वर करतो. एवढा बॅकअप पुरेसा आहे ना?
— सोसायटीचे सचिव, डोंबिवली

उत्तर : नाही. हे मी दर वेळी लिहितो आणि पुढेही लिहीत राहणार, कारण यात माणसांचं फार नुकसान होताना पाहिलंय. सी आणि डी एकाच डिस्कवरच्या दोन नोंदी आहेत. विंडोज बिघडलं तर डी वाचतो, तेवढ्यापुरता त्याचा उपयोग खरा. पण डिस्कची मोटर गेली, खंडणी मागणारा व्हायरस आला किंवा लॅपटॉप चोरीला गेला तर दोन्ही एकदम जातात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. ते ओसरल्यावर दुकानात सीपीयू यायला लागले ते आतून गाळाने भरलेले. लोक सांगायचे, ‘डी मध्ये कॉपी आहे, तेवढी काढून द्या.’ सी, डी, ई सगळं त्याच ओल्या डब्यात. ज्यांनी घरी वाळवून ‘चालू होतंय का बघू’ म्हणून वीज लावली त्यांचं काम अजून अवघड झालं. भिजलेली डिस्क कधीही चालू करू नये. त्या दिवसांत हिशेब सुखरूप राहिले ते ज्यांची एक डिस्क पुण्याला मुलाकडे होती किंवा फाइल्स इंटरनेटवर ठेवलेल्या होत्या त्यांचेच.

तुम्ही दोन बाहेरच्या डिस्क घ्या. एक तुमच्याकडे, एक खजिनदारांकडे, आणि दर महिन्याला अदलाबदल करा. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा, जोडलेली ठेवू नका. रविवारची डी वरची कॉपी चालू राहू द्या, पण तिला बॅकअप म्हणू नका.

प्रश्न : कॉलेजसाठी ५१२ जीबी एसएसडीचा लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणतो सी, डी, ई, एफ असे चार भाग करून देतो, म्हणजे स्पीड वाढेल. करू का?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : चार नको. स्पीडही वाढणार नाही. पण दुकानदाराची ही सवय आली कुठून ते सांगण्यासारखं आहे.

पीसीवर पार्टिशनचा तक्ता आला १९८३ साली, आयबीएमच्या पीसी एक्सटी आणि डॉस २.० (विंडोजच्या आधीची प्रणाली) बरोबर. तेव्हा हार्ड डिस्कच होती १० एमबीची. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपींना गेलेली, म्हणून हार्ड डिस्क सी झाली आणि आजही सीच आहे. पुढे डिस्क मोठ्या झाल्या, पण डॉसला एका पार्टिशनमध्ये सुरुवातीला ३२ एमबीच्या पुढे मोजता येत नव्हतं. नंतर ही मर्यादा वाढून २ जीबी झाली. विंडोज ९५ च्या काळात चार जीबीची डिस्क आणली तर तिचे दोन-तीन भाग करावेच लागत. शिवाय २ जीबीच्या पार्टिशनमध्ये सगळ्यात छोटा कप्पा ३२ केबीचा असे. एक केबीचं पत्र टाइप केलं तरी ३२ केबी जागा जायची. भाग लहान केले की कप्पेही लहान होत आणि जागा वाचे. म्हणजे जुन्या कारागिरांनी चार भाग केले ते अडाणीपणाने नाही, त्यांच्या काळात तेच शहाणपणाचं होतं. फॅट३२ आणि एनटीएफएस या फाइल्स मांडायच्या नव्या पद्धती आल्यावर कारण संपलं, पद्धत राहिली. सी मध्ये विंडोज, डी मध्ये डेटा, ई मध्ये गाणी, एफ मध्ये पिक्चर, ही वाटणी आपल्याकडे अजून कित्येक घरांत सापडेल.

स्पीडचं म्हणणं फिरत्या तबकडीच्या डिस्कला थोडं लागू होतं. तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेरीत जास्त सेक्टर जातात आणि पहिलं पार्टिशन साधारण तिथेच येतं, म्हणून ते जरा जलद वाचलं जातं. एसएसडीला तबकडीच नाही. आतला कंट्रोलर सगळ्या चिप्सवर लिखाण सारखं फिरवत असतो. तुमचा ‘डी’ चिपच्या अमुक कोपऱ्यात आहे असं काही नसतं.

तुमच्या ५१२ पैकी विंडोज साधारण ४७६ दाखवेल. दुकानदाराने कमी दिली नाही. कंपनी जीबी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. म्हणूनच १ टीबीची डिस्क ९३१ दिसते. माझ्या मते सगळा एकच सी ठेवा. दोन भाग हवेच असतील तर सी ला निम्मी जागा द्या. शंभर जीबीचा सी आज दोन वर्षंही पुरत नाही, मग बार्शीच्या बाईंसारखी अडचण होते. आणि सॉफ्टवेअर डी वर टाकलं म्हणजे विंडोज बदलल्यावरही चालेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्याच्या नोंदी सी वरच असतात, ते पुन्हा टाकावंच लागतं.

प्रश्न : ऑफिसमधल्या पीसीवर विंडोज ११ टाकताना ‘डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, जीपीटी हवं’ असं सांगून अडतंय. सगळं फॉरमॅट करावंच लागेल का?
— कर सल्लागारांच्या कार्यालयातून, नाशिक

उत्तर : विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला, तेव्हापासून हा प्रश्न फार येतोय. एमबीआर म्हणजे वर लातूरच्या उत्तरात सांगितलेला तो चार ओळींचा तक्ता. त्यात सेक्टरचा आकडा लिहायला चारच बाइट्स आहेत, म्हणून २ टीबीच्या पुढची डिस्क त्याच्या मोजणीत मावत नाही. जीपीटी हा नव्या पद्धतीचा तक्ता, त्यात १२८ ओळींची सोय असते, आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. पहिला तक्ता बिघडला तर बेरीज तपासून ते कळतं आणि शेवटच्या प्रतीवरून तो परत उभा करता येतो. मला स्वतःला हा बदल मनापासून आवडतो.

आधी मशीन विंडोज ११ ला पात्र आहे का ते मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ने बघा. टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि प्रोसेसरची अट आहे. इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. एमबीआरवर चालणारी बरीच जुनी मशीनं इथेच अडतात, मग डिस्कची खटपट करून उपयोग नाही.

पात्र असेल तर फॉरमॅट न करताही होतं. विंडोज १० मध्येच ‘एमबीआर२जीपीटी’ ही आज्ञा आहे. आधी ‘व्हॅलिडेट’ लावून नुसती तपासणी करा, पास झाली तरच ‘कन्व्हर्ट’. मग बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन सुरू व्हायची जुनी ‘लेगसी’ पद्धत बदलून नवी ‘यूईएफआय’ करायला विसरू नका, नाहीतर मशीन सुरूच होणार नाही. तपासणी नापास होण्याचं नेहमीचं कारण डिस्क मॅनेजमेंटमध्ये रंगावरून दिसतं. गडद निळ्या पट्टीची प्रायमरी पार्टिशनं जास्तीत जास्त तीन चालतात. हिरव्या चौकटीत फिकट निळी पार्टिशनं दिसत असतील तर ती एक्स्टेंडेडच्या आतली लॉजिकल आहेत, चारची मर्यादा ओलांडायला केलेली जुनी तजवीज. ती असली की ही आज्ञा नकार देते. त्यांतला डेटा बाहेर काढून हिरवी चौकट रिकामी करून काढावी लागेल. कर परताव्यांच्या फाइल्स आहेत, तेव्हा यातलं काहीही सुरू करण्याआधी पूर्ण कॉपी घ्या.

प्रश्न : विंडोज ठेवून शेजारी उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचीय. पार्टिशन आधी करू की इन्स्टॉल करताना?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : जागा विंडोजमधूनच मोकळी कर. सी ‘श्रिंक’ करून ६०-७० जीबी काढ आणि ती अनअलोकेटेडच राहू दे, फॉरमॅट करू नकोस. १५० जीबी रिकामे असूनही विंडोज दहाच जीबी सोडत असेल तर हायबरनेशन, पेजफाइल आणि रिस्टोअर पॉइंट तात्पुरते बंद करून पुन्हा बघ. या फाइल्स जागच्या हलत नाहीत, आणि त्या जिथे बसल्यात तिथवरच कापता येतं. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली आधी कागदावर लिहून ठेव. बूटमध्ये बदल झाला की विंडोज ती विचारतं. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद कर. उबुंटूच्या इन्स्टॉलरमध्ये ‘विंडोजच्या शेजारी’ हा पर्याय घे, आणि मशीन सुरू करणाऱ्या फाइल्सचं १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन दोघांना एकच राहू दे. त्याच्यासमोर फॉरमॅटची खूण दिसली तर ती काढ. ‘इरेज डिस्क’ हा पर्याय त्याच यादीत असतो, त्यावर चुकूनही क्लिक करू नकोस.